तिसरी पाटी

कोल्हापूर,
१२ मार्च

ती. मौलाचाचा,

सलाम. मी संयोगिता, सयाजी पंपवाल्याची मुलगी. बाबा गेले तेव्हा तुम्ही आला होता, कोपऱ्यात बसून होता आणि चहासुद्धा न घेता निघून गेलात. आई त्यावरून अजून बोलते.

फोन केला होता. फातिमाताईने उचलला. म्हणाली, "अब्बांना फोनवर काय बी ऐकू येत न्हाय गं. सगळ्या उद्यमनगरच्या मशिनींचा आवाज भरलाय त्यांच्या कानात. पत्र घाल, वाचत्यात." म्हणून हा खटाटोप. बारावीनंतर एवढं हाताने लिहिलेलं नाही, अक्षराला नावं ठेवू नका.

माझं काम सांगते. आमची छोटी कंपनी आहे. नदीकाठच्या चाळीस गावांसाठी आम्ही पाणी मोजणारे डबे करतो. डबा खांबाला टांगायचा. तो खाली बघून पाणी किती चढलं ते मोजतो, आणि पाणी इशाऱ्याच्या रेघेला लागलं की भोंगा वाजवतो. एक डबा तुमच्या कुरुंदवाडच्या घाटावरही लागणार आहे. २०१९ ला तुमच्या घरात पाणी कसं शिरलं ते मी तुम्हाला सांगायला नको. जूनच्या आत सगळे डबे लागायचे आहेत.

गावांनी अट घातली आहे की डब्यातला प्रोग्रॅम मूळ लिखाणापासून, नव्याने बांधलेला हवा आणि तसं कोणीतरी सही करून द्यायचं. ती सही माझी आहे. इथेच घोडं अडलं.

प्रोग्रॅम डब्यात जाण्याआधी त्याचं गाठोडं बांधावं लागतं. ते बांधणाऱ्या अवजाराला आम्ही ऑफिसात 'गाठोड्या' म्हणतो. बांधलेलं गाठोडं उचलून मशीनवर जागच्या जागी मांडणारं दुसरं अवजार आहे, त्याला 'हमाल' म्हणतो. आता कोऱ्या मशीनवर गाठोड्या बसवायचा तर हमाल लागतो. हमाल फक्त गाठोडी उचलतो, आणि तो स्वतःसुद्धा गाठोड्यातूनच येतो. ते गाठोडं बांधायला गाठोड्या लागतो. म्हणजे आधी कोण? दोघंही एकमेकांच्या खांद्यावर बसलेत, आणि जमिनीवर कोणाचाच पाय नाही.

आमचे साहेब, विजयसिंह, म्हणतात, "बांधलेला गाठोड्या हाय की सात वर्षांचा. त्यानंच बांध आणि सही कर." पण त्याच्या पोटात नक्की काय आहे ते आज कोणी सांगू शकत नाही. ज्याने केला तो पोरगा कधीच नोकरी सोडून गेला. जे मी बघितलं नाही त्याच्यावर मी सही करणार नाही. मला पायापासून बांधायचं आहे.

तुमच्याबरोबर लेथच्या शेडमध्ये होते तेव्हापासून बाबा म्हणायचे, लेथ करायला लेथ लागतो. मग पहिला लेथ कसा झाला, चाचा? बाबांना विचारायचं राहून गेलं.

तुमची,
संयोगिता


कुरुंदवाड,
२० मार्च

चि. संयोगितास मौलाचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तुझं ते गाठोड्या-हमालाचं प्रकरण मला पहिल्या वाचण्यातच कळलं, त्यात काही नवं नाही. आमच्या धंद्यात ते शंभर वर्षं चाललंय.

लेथचा बेड, म्हणजे त्याची खालची लांब बैठक, सपाट झाला की नाही हे बघायला बिडाची एक सपाट पाटी लागते. मग ती पाटी सपाट आहे हे कशावर बघायचं? दुसऱ्या पाटीवर. आणि ती दुसरी? ती पहिलीवर. झालं की नाही तुझ्यासारखंच?

आम्ही काय करायचो, एका पाटीला निळा रंग फासायचा आणि दुसरी तिच्यावर घासायची. जिथे रंग लागला तो उंचवटा. तो हाताने खरवडायचा आणि पुन्हा घासायची. दहा-बारा दिवसांनी रंग सगळीकडे सारखा लागतो. मग अर्धवट माणूस म्हणतो, जमलं, दोन्ही सपाट झाल्या. पण पोरी, पालथा तवा पालथ्या तव्यावर झकास बसतो. म्हणून तवा सपाट होत नाही. एक पाटी फुगीर आणि दुसरी खोलगट असली तरी दोघींचं एकमेकींशी छान जमतं.

म्हणून तिसरी पाटी लागते. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. तिघींचं तिघींशी जमलं तरच सपाट, नाहीतर नाही. तिसऱ्या पाटीला कुठलंही मोठं मशीन लागत नाही. हात लागतो आणि चिवटपणा लागतो.

आमच्या शेडमध्ये एकदा एकाने दोन पाट्यांवर भागवलं होतं. त्याचं काय झालं ते जाऊ दे. तू तिसरी शोध.

साहेबाला घाबरू नकोस. त्याची सही नाही, तुझी आहे.

मौला


कोल्हापूर,
५ एप्रिल

ती. चाचा,

जमलं. तुमची तिसरी पाटी सापडली, आणि तीही शेजारच्याच टेबलावर.

काशिफ म्हणून माझ्याबरोबर एक मुलगा काम करतो. त्याच्या मशीनवर वेगळा गाठोड्या आहे. मी माझ्याकडच्या गाठोड्याने डब्याचं गाठोडं बांधलं, त्याने त्याच्याकडच्याने बांधलं, आणि आमच्या जुन्या सर्व्हरवर तिसरं. तिन्ही एकमेकांशी ताडून बघितली. अक्षर न् अक्षर सारखं. एका टिंबाचाही फरक नाही. तुमचा निळा रंग सगळीकडे सारखा लागला.

मग अंगणातल्या टाकीशेजारच्या खांबाला, टाकीच्या वर, डबा टांगून बघितला. ऑफिसच्या मागे पाच फुटी टाकी आहे, तिच्यावर आम्ही प्रत्येक डबा तपासतो. तीन फुटांची रेघ लावली, नळ सोडला. पाणी तिनाला लागलं आणि भोंगा वाजला. साहेबांनी सगळ्यांना मिसळ मागवली.

सही करून टाकली काल. आईला सांगितलं तर म्हणाली, "बापाला जमलं न्हाय ते लेकीनं केलं." तिच्या मनात ते अजून आहे. बाबांना हात कच्चा म्हणून शेडमधून काढलं, हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही त्यांच्या शेजारीच काम करत होता ना?

संयोगिता


कुरुंदवाड,
११ एप्रिल

संयोगिता,

मिसळ खाल्लीस, चांगलं केलंस. आता एक सांग. काशिफचा गाठोड्या आला कुठून?

तिसरी पाटी आधीच्या दोघींवर घासून केलेली असेल तर ती तिसरी नव्हे. ती पहिलीच, फक्त दुसऱ्या टेबलावर ठेवलेली.

जा, विचार त्याला. आणि उत्तर आल्याशिवाय सहीच्या कागदाचं कौतुक मला सांगू नकोस.

मौला


कोल्हापूर,
४ मे

ती. चाचा,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस तुमचा राग आला. तिसऱ्या दिवशी काशिफला विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मी आलो तेव्हा तुमच्याच मशीनवरून कॉपी मारली होती." आणि माझ्या मशीनवरचा सर्व्हरवरून आलेला. म्हणजे तीन टेबलं आणि गाठोड्या एकच. मी आरशासमोर उभी राहून साक्षीदार मोजत होते.

साहेबांकडे गेले आणि सहीचा कागद परत मागितला. ते म्हणाले, कागद कपाटात गेला, आता तो विषय संपला. मी म्हटलं, कपाट उघडा. ते म्हणाले, "डोस्कं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं, व्हय, फिरलंय. त्यांनी कागद काढला तसा मी त्यांच्याच पेनाने त्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली. ऑफिसात त्या दिवशी कोणी माझ्याशी बोललं नाही. धोंडुबाई सोडून. त्या झाडलोट करतात. त्यांनी न विचारता चहा आणून ठेवला.

मग हाताने बांधायला बसले. कोरं मशीन घेतलं, त्याला इंटरनेट नाही, शेजाऱ्याची कॉपी नाही. गाठोडं म्हणजे शेवटी काय? फायली आणि त्यांची यादी. ती यादी मी वहीत लिहिली आणि मूळ लिखाणातली एकेक फाईल हाताने जागेवर ठेवली, हमालाचं काम मीच केलं. असा पहिला गाठोड्या उभा राहिला. लंगडा. अर्ध्या गोष्टी त्याला येत नव्हत्या. पण त्याने एक खरा हमाल बांधला. त्या हमालाने दुसरा गाठोड्या मांडला, तो बरा निघाला. दुसऱ्याने तिसरा बांधला. दुसरा आणि तिसरा अक्षरशः सारखे आले. एकोणीस दिवस लागले, चाचा. त्या संध्याकाळी मी एकटीच टेबल बडवत बसले होते.

पण गंमत पुढे आहे. त्याने बांधलेला प्रोग्रॅम डब्यात घातला आणि सगळ्यांसमोर टाकीवर टांगला. तीन फुटांची रेघ. नळ सोडला. पाणी दोन फुटांना लागलं आणि भोंगा बोंबलला. पुन्हा केलं. पुन्हा दोनालाच. जुना डबा लावला तर बरोबर तिनाला.

सगळे हसले. साहेब हसले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "हाताच्या कामाचं हे असं असतंय. वीस तारखेला जुन्यावर सही कर, न्हायतर दुसरं कोण तरी करंल."

मी सगळं लिखाण दोनदा वाचलं. चूक सापडत नाही. जुना बरोबर येतो, माझा एक फूट चुकतो. बाबांचाच वारसा आहे बहुतेक. हात कच्चा.

संयोगिता


कुरुंदवाड,
९ मे

संयोगिता बेटा,

तुझ्या पत्रातले शेवटचे दोन शब्द वाचले आणि जेवण गेलं नाही. फातिमाने विचारलं काय झालं, तिला सांगितलं नाही. तुला सांगतो, कारण आधी तुला सांगायला हवं होतं.

मागे लिहिलं होतं की शेडमध्ये एकाने दोन पाट्यांवर भागवलं. तो एक मी. अकरा बेडची ऑर्डर होती आणि मालक गणपतराव डोक्यावर बसला होता. सयाजी म्हणाला, तिसरी पाटी केल्याशिवाय मी बेडला हात लावणार नाही. मी म्हणालो, दोन्ही जमतायत की, कशाला पंधरा दिवस घालवतोस. मी बेड करत सुटलो आणि तो कोपऱ्यात एकटा तिसरी पाटी खरवडत बसला. अठरा दिवस. बेड झाले, गाडी दाराला लागली, आणि त्याच दिवशी त्याची पाटी झाली. त्याने ती माझ्या दोन्ही पाट्यांवर घासली. एकीशी मधेच रंग लागला, दुसरीशी फक्त कडांना. एक फुगीर, एक खोलगट. म्हणजे अकराच्या अकरा बेड वाकडे.

गणपतराव म्हणाला, दोन पाट्या जमतात आणि तुझी एकटीची जमत नाही, तर चूक तुझी. सगळे हसले. तुझ्या ऑफिसात हसले तसेच.

सयाजी उठला. छिन्नी घेतली आणि अकराही बेडवर मधोमध एकेक घाव घातला, की आता हे कोणी विकूच नये. संध्याकाळी त्याला काढलं. कारण लिहिलं, हात कच्चा. माझी बायको तेव्हा दवाखान्यात होती. मी पुढे होऊन सांगणार होतो की बेड माझे आहेत. त्याने माझा हात दाबला. म्हणाला, "गप बस मौला. दोन चुली कशाला इझवायच्या? माझं मी बघतो."

त्याने आयुष्यभर पंप दुरुस्त केले आणि मी त्या शेडमध्ये फोरमन झालो. आता कळलं का मी तुमच्या घरी चहा का घेतला नाही?

तुझ्या बापाचा हात कच्चा नव्हता. उद्यमनगरात तसा दुसरा हात मी पाहिला नाही.

आता तुझं. तिसरी पाटी जमली नाही म्हणून तिसरीला खरवडत बसू नकोस. ती तू डोळ्यांदेखत केलीस. जुना डबा आणि टाकी यांचं आपसात जमतंय, एवढंच तुला दिसलं. त्या दोघी तुझ्या पहिल्या दोन पाट्या. टाकीचा पाया बघ. ती कशावर उभी आहे आणि कधीपासून, ते विचार. आणि साहेबाला विचारू नकोस, जो रोज तिथे वाकतो त्याला विचार.

मौला


कोल्हापूर,
२३ मे

चाचा,

पहिल्यांदा रागाचं लिहिते. तुम्ही सत्तावीस वर्षं गप्प राहिलात. आईने बाबांना कधी टोमणा मारला नाही, पण विश्वासही ठेवला नाही, आणि मी तिचंच बघून शिकले. बाबा आमच्या घरात उगीच बारीक होऊन वावरले. हे मी विसरणार नाही. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि बाबांची हत्याराची पेटी पुसत बसली. तिच्यात त्यांची एक फुटी पोलादी पट्टी निघाली. ती घेऊन मी ऑफिसला गेले.

टाकी सिमेंटच्या ओट्यावर उभी आहे. रोज बघतो आम्ही, म्हणून कधी दिसला नाही. धोंडुबाईंना विचारलं, हा ओटा कधीचा?

म्हणाल्या, "आदी टाकी भुईवरच व्हती की. समद्यांचं पाय भिजायचं म्हणून सायबानं वटा बांधला. सात वर्सं झाली. तवा त्यो पोरगा दोन दिस डोस्कं धरून बसलेला, डबा चुकीचं सांगतोय म्हणून. मग काय तरी केलं आन् बरुबर वाजाय लागला."

बाबांची पट्टी ओट्याला लावली. बरोबर एक फूट. डबा भुईपासून मोजतो, म्हणून ओट्याची उंचीही त्याला पाणीच वाटते.

त्या पोराने ओट्याची उंची वजा करणारी एक फाईल तात्पुरती टाकली होती. गाठोड्याने ती पोटात ठेवून घेतली. मूळ लिखाणात ती कुठेच नाही, म्हणून कोणी वाचली नाही. पण जुन्या गाठोड्याने नवा बांधला की ती त्याच्याही पोटात जायची, आणि तिथून प्रत्येक डब्यात. टाकीवर सगळे डबे खरे. घाटावर खाली ओटा नाही. घाटावर प्रत्येक डबा पाणी एक फूट कमी सांगणार आणि भोंगा एक फूट उशिरा वाजणार. चाळीस गावांत.

साहेबांना तोंडी सांगण्यात अर्थ नव्हता. मी, काशिफ आणि धोंडुबाई, तिघांनी टाकी रिकामी करून भुईवर उतरवली. साहेब ओरडत आले तोवर नळ सोडला होता. जुना डबा, रेघ तीन फुटांची. पाणी तिनाला लागलं. शांत. साडेतीन. शांत. धोंडुबाई म्हणाल्या, "आता माझ्या जावंचं घर गेलं." त्यांची जाऊ शिरोळकडे असते. चार फुटांना भोंगा वाजला. मग माझा डबा टांगला. तीन फुटांना, बाबांच्या पट्टीवर रेघ धरून, वाजला.

साहेबांचे बूट भिजले होते. ते झटकून म्हणाले, "हे आधी का न्हाय सांगितलंस?" मी म्हटलं, आधी तुम्ही सगळे हसत होता. ते म्हणाले, "चाळीसच्या चाळीस परत भर." एवढंच. माफी वगैरे काही नाही, आणि मला नकोही आहे.

नवीन कागद केला. सही केली, पूर्ण नाव लिहिलं. संयोगिता सयाजी. तुमच्या घाटावरचा डबा टांगायला मी स्वतः येते आहे, तीस तारखेला. चहा घेईन. तुम्ही घेतला नव्हता म्हणून मीही घेणार नाही, असं काही नाही.

संयोगिता


कुरुंदवाड,
२ ऑगस्ट

चि. संयोगितास,

तू डबा टांगून गेलीस, त्यानंतर लिहायला बसलो नाही. लिहिण्यासारखं काही घडू दे म्हणत होतो. घडलं.

गेल्या आठवड्यात राधानगरीकडे पाऊस लागला आणि आमच्याकडे ऊन असताना नदी चढायला लागली. तू खांबावर लाल रेघ मारली आहेस, तिथे मी शुक्रवारी सकाळी स्टूल टाकून बसलो. फातिमा ओरडत होती, घरात चला म्हणून. मला कुठे ऐकू येतंय? एक हात खांबाला लावून पाण्याकडे बघत होतो. पाणी रेघेला टेकलं, आणि त्याच घडीला माझ्या तळहाताखाली खांब थरथरला. भोंगा मला ऐकू आला नाही. हाताला कळला. मान वर केली तर अख्खी गल्ली म्हशी सोडत होती.

संध्याकाळपर्यंत खालच्या आळीत कंबरभर पाणी होतं. माणूस एक अडकलं नाही, जनावर एक गेलं नाही. २०१९ ला आमच्याकडे उंबऱ्यापासून खाटेपर्यंत पाणी यायला एक तास लागला नव्हता. तो तास या वेळी आम्हाला मिळाला. लोक डब्याला नमस्कार करतात. मी म्हटलं, डब्याला नको, जिने रद्द लिहिलं तिला करा.

पाणी उतरल्यावर एस.टी. धरून उद्यमनगरात गेलो. आता गणपतरावाचा मुलगा यशराज शेड बघतो. जेवणाची सुट्टी होती, पंधरा-वीस माणसं बसली होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बेड कोणी वाकडे केले, घाव कोणी घातले, नोकरी कोणाची गेली आणि कोण गप्प बसलं. मोठ्याने सांगितलं, मला हळू बोलता येत नाही. मग एक जुना कामगार उठला आणि मला आत घेऊन गेला.

कोपऱ्यात फडक्याखाली एक पाटी होती. मी बघताक्षणी ओळखली. सयाजीची तिसरी. माझ्या दोन्ही त्याच वर्षी भट्टीत गेल्या होत्या. फोरमन असताना मी ती रोज वापरली, पण ती कोणाची हे मी कोणाला सांगितलं नाही आणि मी निवृत्त झाल्यावर कोणी विचारलंही नाही. सत्तावीस वर्षं त्या शेडमधला प्रत्येक बेड तिच्यावर तपासून बाहेर पडतो. कच्च्या हाताची पाटी.

मी छिन्नी मागितली आणि तिच्या कडेवर तुझ्या बापाचं पूर्ण नाव कोरलं. अक्षर वाचता येतं. यशराज मधेच माझ्या कानाशी वाकून ओरडला, "चाचा, पाटीवर असं कायबाय कोरू नका." 

मी त्याला विचारलंच नव्हतं.

मौला